रूळ गेले, पूल राहिला

आगगाडी जायची थांबली की पूल मेला, असं तुम्हांला कोणी सांगितलं?

विचारते, कारण मलाही कोणीतरी सांगितलंच असणार, आणि मी ते निमूट मानलं होतं. रेल्वेनं छोट्या लाइनी मोठ्या करायला घेतल्यापासून जुन्या साइडिंगा, जुने पूल, जुनी सिग्नलं भंगारात निघाली आहेत. आपण पेपरात वाचतो, प्रगती म्हणतो आणि पान उलटतो. गेल्या हिवाळ्यात काशीला जाऊन आल्यापासून मला ते पान उलटता येत नाही. काशीला जाऊन मी विश्वनाथाचं दर्शन घेतलं की नाही, असं परतल्यावर शेजारीपाजारी विचारतात. घेतलं. पण ज्याच्याबद्दल छाती फुगवून सांगावं असं मी पाहिलं ते देवळात नव्हतं. ते गंगेपलीकडे, रामनगरच्याही पुढे, एका नाल्यावर उभं होतं आणि त्याला डांबराचा वास येत होता.

ब्रह्मा घाट

माझे वडील इचलकरंजीत छापखाना चालवतात. संपाची, सभेची, निषेधाची पत्रकं छापतात. आमच्या घरात भिंतींना रंग नव्हता, पत्रकं होती. मी अक्षरओळखही त्यांवरच शिकले. म्हणून 'धिक्कार' हा शब्द मला 'कमळ' आणि 'घर' यांच्याही आधी वाचता येत होता. जेव्हा बनारसच्या दामूअण्णांचा निरोप आला की 'एक पूल वाचवायचा आहे, हात हवेत आणि पत्रकं लिहिणारं माणूस हवं', तेव्हा वडिलांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पिशवी भरायला घेतली.

दामूअण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्मा घाटावर राहतं. पूर्वज वेद शिकायला आले आणि तिथलेच झाले. अण्णांनी मात्र वेदांऐवजी रेल्वे धरली. सगळी नोकरी पुलांचे इन्स्पेक्टर म्हणून केली. त्यातली काही वर्षं मिरजेला गेली, आणि तिथून माझ्या वडिलांशी दोस्ती जडली. आता निवृत्त आहेत. काठी घेऊन चालतात, पण काठी टेकायला कमी आणि ठोकायला जास्त वापरतात.

त्यांच्या पत्नी ताराकाकू. मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, चप्पल बाहेर ठेवू नकोस, बंदर नेतील. आत घे. पानी गरम करून ठेवलंय बालटीत, आधी हात-तोंड धू, मग आराम से चाय पी."

घरातली मराठी अशी. क्रियापदं आपली, सामान तिकडचं. काकूंच्या आमटीत चिंचेऐवजी सुकवलेल्या कैरीची फोड आणि पिठल्याला राईच्या तेलाची फोडणी. पहिला घास मला अनोळखी लागला. तिसऱ्या घासाला मी आणखी भात मागितला. काकू खूश होऊन म्हणाल्या, "दक्खनचे लोक येतात ना, पहिल्या दिवशी नाक मुरडतात. तू ठीक आहेस."

बंदरांनी चप्पल सोडली, पण मला सोडलं नाही. इचलकरंजीहून मी हिंदीत पत्रकांचा गठ्ठा छापून आणला होता. गाडीत पाण्याची सुरई सांडून तो ओला झाला, म्हणून सकाळी गच्चीवर वाळत घातला. दही-चूडा, म्हणजे दहीपोहे, खाऊन वर जाते तो एक दांडगं माकड गठ्ठा काखेत मारून शेजारच्या गच्चीवर बसलेलं. मी ओरडले. त्यानं एकेक पत्रक काढून, वास घेऊन, खाली सोडायला सुरुवात केली. पत्रकं गल्लीत गेली, घाटाच्या पायऱ्यांवर गेली, संध्या करणाऱ्यांच्या पळीपंचपात्रापाशी गेली.

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "रडू नकोस गं. पूर्ण मोहल्ल्यात बाटून टाकली त्याने. तू आठ दिवस फिरली असतीस."

खरंच होतं ते. माझ्या पत्रकांचं इतकं चोख वाटप आजवर कोणत्याही कार्यकर्त्यानं केलेलं नाही. दुपारी एक गुरुजी पत्रक हातात घेऊन आले. मला वाटलं, पाठिंबा द्यायला आले असतील. त्यांनी अण्णांना विचारलं, "पुलाच्या उद्‌घाटनाला भोजन आहे का?"

"आहे," अण्णा म्हणाले. "पण आधी फळ्या उचलाव्या लागतील."

गुरुजी पुन्हा दिसले नाहीत.

नाल्यावर

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोनं राजघाटच्या पुलावरून गंगा ओलांडली. वरून आमचा टेम्पो, आणि त्याच पुलाच्या पोटातून मालगाडी. धुकं इतकं की गंगा नुसती ऐकू आली. रामनगर मागे टाकलं, आणि तिथून पुढे एका जुन्या साइडिंगच्या भरावावरून चालत निघालो. एके काळी डोंगरातल्या खाणींचा दगड या छोट्या लाइनीनं नदीकाठी यायचा आणि नावांत भरला जायचा. आता रूळ उचलून नेलेले होते. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, मध्ये मटाराची शेतं, आणि भरावाच्या टोकाला पूल.

खरं सांगते, मी त्याआधी कधी लाकडी रेल्वेपूल पाहिला नव्हता. आपल्याकडे दगड नाहीतर लोखंड. हा अख्खा साखूचा. साखू म्हणजे साल वृक्ष. आपल्याकडे सागाला जो मान, तो तिकडे साखूला. नाल्याच्या चिखलात ठोकलेले काळे खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर उभ्या धावणाऱ्या जाड कड्या आणि त्यांवर स्लीपर. स्लीपर आणि स्लीपर यांच्यामध्ये मोकळी जागा, आणि तिथून थेट खाली नाला दिसतो. पलीकडे सेमरा नावाची वस्ती. सेमऱ्याची माणसं रोज त्या स्लीपरांवरून उड्या टाकत रामनगरच्या बाजाराला जात होती. डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं. पावसाळ्यात नाला भरला की दुसरी वाटच नाही.

अण्णांनी काठी वाजवत अर्धा पूल पार केला. मी दोन स्लीपर गेले आणि तिसऱ्यावर थिजले.

"ए बिटिया, नीचे मत देखा, हमके देखा!"

समोरून एक बाई येत होती. सडपातळ, ताठ, तोंडात पान, खांद्यावर कापडी पिशवी. ही जगरानी. सेमऱ्याची दाई. ती बोलत होती माझ्याशी, पण स्वतःची नजर मात्र पायांवरून हलवत नव्हती. माझ्यापर्यंत आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आम्ही नाही घाबरत. आम्ही फक्त रोज मरतो."

पुढे कळलं ते असं. मागच्या भादव्यात रामनगरच्या बाजूच्या एका पाड्यातून तिला बोलावणं आलं होतं. पावसात स्लीपर निसरडे झाले होते. तिचा गुडघा दोन स्लीपरांमध्ये अडकला. ती तशीच फरपटत गेली आणि मूल वाचवलं. गुडघा वाचला नाही. तेव्हापासून ती डावा पाय किंचित ओढते. आणि हेही मला तिथंच कळलं की ज्या घरांतली पोरं तिच्या हातांत जन्मली, त्या घरांतली मोठी माणसं तिच्या हातचं पाणी पीत नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे. प्रवासवर्णनात फक्त मोहरीची फुलं असावीत असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरं वर्णन वाचावं.

आता या पुलाचं लाकूड लिलावात निघणार होतं. अण्णांनी रेल्वेतल्या आपल्या जुन्या कचेरीत खेटे घालून एक सवलत मिळवली होती. पूल माणसांना चालण्याजोगा करून दाखवा. खिचडीनंतर रेल्वेचे साहेब येऊन वजन टाकून तपासतील. पूल टिकला तर सेमऱ्याच्या हवाली, नाही टिकला तर लिलावाच्या. खिचडी म्हणजे आपली संक्रांत. आपण तिळगूळ वाटतो, ते त्या दिवशी उडदाची खिचडी खातात आणि सणालाही तेच नाव देतात.

"लिलाव झाला तर?" मी जगरानीला विचारलं.

"तर पावसाळ्यात बायकांनी बाळंत होऊ नये," ती म्हणाली. पान थुंकली. "सरकारला सांगा, तसा हुकूम काढा."

साखू आणि सन

काम सुरू झालं. सेमऱ्याचे पुरुष शेतातून सुटले की यायचे, बायका त्यांच्याही आधी यायच्या. अण्णा नाल्यात उतरून प्रत्येक खांबावर हातोडी मारायचे. खणखणीत आवाज आला तर पुढचा खांब. भद्द आला तर गिरमीट लावून भोक पाडायचं आणि भुसा तळहातावर घेऊन बघायचा. कोरडा, तांबूस भुसा म्हणजे जिवंत लाकूड. काळा, ओला, मऊ म्हणजे आतून गेलेलं. मला वाटलं होतं चिखलात बुडालेला भाग कुजलेला असेल. नाही. पाण्याखालचं लाकूड शाबूत, वरचं शाबूत. जिथं पाणी वर्षभर चढतं-उतरतं तेवढा पट्टा मात्र खाल्लेला. अण्णा म्हणाले, "एकाच स्थितीत राहिलं की लाकूड टिकतं बघ. कधी ओलं, कधी कोरडं, यानं मरतं." मी ते वाक्य एका पत्रकासाठी मनात ठेवलं होतं, पत्रक लिहायला वेळच मिळाला नाही. हातांना फोड आले होते.

कुजलेला पट्टा कापून तिथं नवं साखू तिरक्या सांध्यानं बसवायचं आणि वरून लोखंडी पट्टे आवळायचे. हे काम सुताराच्या आवाक्यातलं नव्हतं. ओल्या जागी, कमी उजेडात, वाकड्या लाकडाला लाकूड जुळवायची सवय गंगेवर एकाच प्रकारच्या कारागिरांना आहे. नावा बांधणाऱ्यांना.

बनवारी मल्लाह रामनगरच्या काठावर नावा बांधतो. त्याच्या बापानं बांधलेली नाव अजून पाण्यात आहे, हे तो पहिल्याच भेटीत सांगतो, आणि दुसऱ्या भेटीतही. तो आपली माणसं, करवती, वाकस घेऊन आला. खांबाभोवती एक फेरी मारली, हात फिरवला आणि अण्णांना म्हणाला, "इंजिनियर साहेब, या पुलाला तुम्ही लोकांनी म्हातारं केलंय. मी याचं लग्न लावून देतो."

"आधी पायावर उभा कर," अण्णा म्हणाले. "मग वरात काढू."

दोघांचं असं चालायचं. दुपारी सगळे नाल्याकाठी एकत्र बसायचे. कधी लिट्टी-चोखा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले सातू भरलेले गोळे आणि वांग्याचं भरीत, कधी चूडा-मटर. चूडा-मटर म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत तुपावर परतलेले ताजे मटार, आलं, मिरी आणि वर लिंबू. आपले कांदेपोहे मला प्रिय आहेत. तरी कबूल करते, पौषाच्या थंडीत शेतातून आत्ता तोडलेला मटार दाताखाली फुटतो तेव्हा कांद्याची आठवण येत नाही. आपल्याकडे पोहे म्हणजे पाहुण्याचं खाणं किंवा मुलगी बघायला आलेल्यांचं. तिथं ते मजुराचंही, मालकाचंही. मला ते अधिक पटलं.

खांब झाले. तुळया झाल्या. साइडिंगच्या भरावावरचे जुने स्लीपर रेल्वेनं आम्हांला दिले होते. ते उभे चिरून फळ्या केल्या. आता कड्यांवरचे स्लीपर काढून तिथं आडव्या फळ्या ठोकल्या की चालायची वाट तयार. नेमके तेव्हाच अण्णा आजारी पडले. छाती भरली, ताप चढला, काकूंनी दाराला कडी घातली. "पूल पळून नाही जाणार. तुम्ही जाल," त्या म्हणाल्या. फळ्यांचं काम बनवारीवर आलं.

आणि त्यानं ते असं केलं की बघत राहावं. फळीला फळी इतकी चिकटवून बसवली की मध्ये नख जाईना. जिथं बारीक रेघ राहिली तिथं सनाचे, म्हणजे तागाचे, पिळे निहाण्यानं, म्हणजे चपट्या छिन्नीनं, ठोकून भरले आणि वरून गरम अलकतरा, म्हणजे डांबर, ओतला. ओतताना धूर निघायचा, तो वाकून हुंगायचा. काम संपलं तेव्हा वाट काळी, तुळतुळीत, एकसंध झाली होती. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. बनवारी मोठ्या मानानं म्हणाला, "हमरे हाथ क बनल चीज में पानी ना जाई." माझ्या हातच्या वस्तूत पाणी शिरणार नाही.

जगरानी एकदा जाऊन आली. "सुंदर आहे," म्हणाली. "घसरायला."

आम्ही हसलो. तिला कशाचंच कौतुक नाही, असं बनवारी म्हणाला.

माहवट

माघातल्या पावसाला तिकडे माहवट म्हणतात. गव्हाला तो अमृत. खिचडी होऊन गेली होती, साहेबांचं येणं आठवड्यावर आलं होतं, आणि आकाश भरून आलं. दोन दिवस तो बारीक, थंड, चिकट पाऊस पडत राहिला. तिसऱ्या दिवशी उघडीप झाली आणि मी पुलावर गेले.

पुलाच्या मधोमध उंटाची पाठ आली होती. फळ्या फुगून एकमेकींना रेटत होत्या. जागा न मिळाल्यानं मधल्या काही फळ्यांनी खिळे उपटून डोकी वर काढली होती. त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळी साचलेली. पाणी हलायला तयार नव्हतं. बनवारीनं खरं केलं होतं. त्याच्या हातच्या वस्तूत पाणी शिरलं नव्हतं, आणि त्यातून गेलंही नव्हतं.

अण्णा मफलर, कानटोपी, वर घोंगडी अशा अवतारात टेम्पोतून उतरले. कडी कशी उघडली ते काकूंनाच ठाऊक. त्यांनी पुलाकडे पाहिलं आणि काठी ठोकली.

"बनवारी! पूल बांधायला सांगितला होता, तू नाव बांधलीस! उलटी नाव! फळीत बोटभर फट हवी. पाणी खाली जायला, लाकडाला फुगायला. काढ सगळं. सन उपट, फळ्या तास, फटी ठेव."

बनवारी ताडकन उठला. "फट? मी? माझ्या हातानं?"

"तुझ्याच हातानं."

"अण्णा, आमच्यात फट ठेवणाऱ्याला पोरगी देत नाहीत. आमच्या बापजाद्यांनी एक फट ठेवली असती तर निम्मं रामनगर गंगेच्या तळाशी असतं. दुसरा माणूस बघा." त्यानं हत्यारं गोळा केली आणि निघून गेला. त्याची माणसं त्याच्यामागे.

मला संताप आला होता. साहेब येणार, लिलाव होणार, आणि हे दोघे फटीवरून भांडताहेत! मी जाऊन भाषण ठोकणार होते. लोकांचा प्रश्न, हक्क, एकजूट, सगळी वाक्यं तोंडाशी आली होती. जगरानीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बैठ. तुझं पत्रक त्याला वाचता येत नाही. माझं येतं."

मी तरी तिच्यामागे गेलेच. बनवारी काठावर एका उपड्या नावेवर पाठ करून बसला होता. त्याची बायको त्याला चहा देत होती आणि तो घेत नव्हता. जगरानी त्याच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का रे, तुला पाणी सोडायची लाज वाटते?"

"तुला काय कळतं त्यातलं, जगरानी."

"मला नाही कळत? तोरे लइकन के बखत हम पानी रोक लेती, त तू बाप बनता का रे?" तुझ्या पोरांच्या वेळी मी पाणी अडवून धरलं असतं, तर तू बाप झाला असतास का?

बनवारीच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला, पण हसू थांबलं नाही. मग काठावरचे सगळे मल्लाह हसायला लागले. बनवारीनं पाठ फिरवली, खांदे हलायला लागले, आणि शेवटी तोही. "या बाईच्या तोंडाला कोणी सन भरा रे!" तो ओरडला.

"भर. पण फळ्यांमधला आधी काढ."

तो आला. पण आपल्या अटीवर. फट ठेवायचीच तर ती अशी राहील की बघणाऱ्यानं म्हणावं, ही चुकून राहिलेली नाही, केलेली आहे. ज्या चपट्या निहाण्यानं तो आयुष्यभर फटी बुजवत आला, तेच निहाणं त्यानं दोन फळ्यांमध्ये उभं धरलं, फळी त्याला टेकवली, खिळे मारले आणि निहाणं काढलं. मग पुढची फळी. टोकापासून टोकापर्यंत एकसारखी फट. सेमऱ्याच्या बायकांनी उपटलेला सन धुऊन वाळत घातला, पुरुषांनी फळ्या तासल्या, आणि मी खिळे सरळ केले. खिळे सरळ करणं हे काम फार कमी लेखलं जातं. मी आता लेखणार नाही.

अण्णा वाकून फटींतून खाली बघत राहिले. मग बनवारीला म्हणाले, "रेल्वेत मी एवढी सारखी फट बघितली नव्हती."

बनवारीनं ते दिवसभर प्रत्येकाला ऐकवलं.

वजन

साहेब तरुण होते. जीपमधून उतरले, पॉलिश केलेले बूट, हातात टेप. चेहरा वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी पूल वरून पाहिला, बाजूंना बसवलेला नवा कठडा हलवून पाहिला आणि म्हणाले की गंगेच्या वाळूनं भरलेली पोती पूर्ण पुलावर रचा, दिवसभर राहू द्या, किती वाकतो ते बघू. कडेनं एक दोरी ताणून बांधली, मोजायला.

पोती भरायला अख्खा सेमरा आला. बायका वाळू भरत होत्या, पुरुष वाहत होते. पहिली रांग, दुसरी रांग. मधोमध पोती चढायला लागली तसा पूल बोलायला लागला. कुरकुर, मग एक लांब कण्हणं. वरची माणसं थांबली. कोणी पुढे जाईना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला दिसत होतं, त्यांच्या मनात निकाल लागत चालला होता.

अण्णा काठावरून खाली नाल्यात उतरायला लागले.

"अण्णाजी, नीचे मत जाइए!" साहेब ओरडले. "वजन सुरू आहे!"

"म्हणूनच जातो," अण्णा म्हणाले, आणि उतरत राहिले. मला ऐकू येईल असं मराठीत म्हणाले, "वजनाच्या वेळी पुलाचा इन्स्पेक्टर पुलाखाली असतो. ज्याची खाली उभं राहायची तयारी नाही, त्यानं सही करू नये. नोकरीत मी हेच केलं." मधल्या खांबापाशी चिखलात एक पालथी टोपली होती. ते तिच्यावर बसले, वर मान करून.

बनवारी एक क्षण बघत राहिला. मग धोतर खोचलं आणि खाली गेला. "लोक म्हणतील, नाव बांधणारा काठावर बसला आणि म्हातारा बुडाला." तो अण्णांच्या शेजारी उकिडवा बसला आणि विडी पेटवली.

वर पोती पुन्हा हलू लागली. आता कोणी थांबेना. प्रत्येक पोतं ठेवताना माणसं खाली वाकून फटीतून बघत होती, आणि खालून बनवारी ओरडत होता, "टाक! टाक! घरातली पण आण!" पूल कण्हत होता आणि अण्णा त्याचं ऐकत होते. डॉक्टर छाती ऐकतो तसं. एकदाच त्यांनी हात वर करून थांबवलं. एक पट्टा आवळायला लावला. मग पुन्हा इशारा केला.

ऊन वर आलं. अण्णांना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी वर पाहून पाणी मागितलं. काठाच्या सगळ्यांत जवळ जगरानी होती. तिच्या हातात लोटा होता. ती थांबली. "पानी हमरे घर क हौ, अण्णा. सोच ला." पाणी माझ्या घरचं आहे, विचार करा.

"थंड आहे का?" अण्णांनी विचारलं.

"थंड आहे."

"मग आण लवकर. विचार काय करायचा त्यात, खोकला आलाय."

ती गुडघा ओढत उतरली. ब्रह्मा घाटाच्या त्या ब्राह्मणानं लोटा तोंडाला लावून संपवला आणि परत दिला. ती परत वर आली नाही. तिथंच एका दगडावर बसली. मीही उतरले. आणि मग, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते, साहेबांनी आपले पॉलिश केलेले बूट काढले, काठावर नीट ठेवले, पँट दुमडली आणि चिखलातून चालत आले. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा पूल खालून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"ये जोड़ किसने लगाया?" त्यांनी तिरक्या सांध्यावर बोट ठेवून विचारलं.

"या नाववाल्यानं," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी पोती उतरवली. दोरी आणि कडी यांच्यातलं अंतर साहेबांनी स्वतः मोजलं. वजनाखाली पूल वाकला होता, वाकायला हवा तेवढाच. वजन काढल्यावर तो हळूहळू, अंगावरचं ओझं ठेवून माणूस पाठ सरळ करतो तसा, आपल्या जागी परत आला. साहेब म्हणाले की बैलगाडी नाही, सायकल हातात धरून न्यायची, दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी आणि डांबर, आणि हे सगळं सेमऱ्यानं करायचं. मग पाठीवर कागद ठेवायला त्यांनी बनवारीलाच वाकायला सांगितलं आणि त्याच्या पाठीवर सही केली.

कोणी फीत कापली नाही. एक स्थानिक नेते दुसऱ्या दिवशी येणार होते म्हणे; त्यांची वाट कोणी पाहिली नाही. मल्लाहांचा रिवाज असा की नवी नाव पाण्यात उतरली की बांधणाऱ्याच्या घरची माणसं आधी बसतात. बनवारीनं बायकोला आणि पोरांना पुढे केलं. त्यांच्यामागून जगरानी निघाली. पिशवी खांद्यावर, डावा पाय किंचित ओढत. ती चालताना मागे वळून बनवारीच्या बायकोच्या जावेला काहीतरी चावट ऐकवत होती, हातवारे करत होती, आकाशाकडे बघत होती. सबंध पूल ओलांडून होईपर्यंत तिनं एकदाही आपल्या पायांकडे पाहिलं नाही.

मला अभिमान वाटला. कोणाचा, ते वेगळं करून सांगता येत नाही. अण्णांचा, बनवारीचा, त्या चिखलातल्या अनवाणी साहेबांचाही. सेमऱ्याच्या बायकांचा सगळ्यांत जास्त. आणि माझ्या तळहातांवरच्या फोडांचा थोडासा. आम्ही काही क्रांती केली नाही. एक पूल, जो आगगाडीसाठी होता, तो माणसांचा केला. पण ज्यांना क्रांतीची भाषणं येतात त्यांनी हे तरी करून दाखवावं.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या तालुक्यातही बंद पडलेली एखादी साइडिंग असेल, गिरणीची, साखर कारखान्याची, खाणीची, आणि तिच्यावर एखादा सोडून दिलेला पूल. लाकडाचा नसेल, लोखंडाचा असेल, दगडाचा असेल. येत्या रविवारी तिथं जा. त्याच्याखाली उतरा आणि थोडा वेळ उभे राहा. वरून कोणाची पावलं जातात ती ऐका. मग वर या, त्या माणसांना गाठा, त्यांच्याबरोबर बसून रेल्वेच्या विभागीय कचेरीला अर्ज लिहा की हा पूल चालणाऱ्यांना द्या. आणि अर्जाखाली पहिली सही तुम्ही करा.